अँटवर्प ते नूशातेल: स्वयंचलित ऑर्गन ऐकायला बसने

स्वयंचलित, म्हणजे वादकाविना साठवलेली धून वाजवणारे, ऑर्गन ऐकण्यासाठी गट घेऊन युरोपात जायचं ठरलं, की नकाशाच्या आधी कॅलेंडर उघडा. स्वित्झर्लंडमधल्या नूशातेलच्या कला व इतिहास संग्रहालयात जाके-द्रो या घड्याळजी पितापुत्रांच्या तीन यांत्रिक बाहुल्या आहेत. त्यांतली एक चक्क ऑर्गन वाजवते, आणि त्या चालवून दाखवतात महिन्याच्या पहिल्या रविवारी. दुसरी अडचण सोमवारची. हॉलंड, जर्मनी आणि स्वित्झर्लंडमधली ही संग्रहालयं सोमवारी बहुधा बंद असतात. तेव्हा सहलीचा शेवट पहिल्या रविवारी धरायचा आणि तिथून उलटं मोजत यायचं. रविवारी नूशातेल. शनिवारी स्वित्झर्लंडमधलंच झेवेन. शुक्रवारी सकाळी जर्मनीतलं ब्रुखझाल, दुपारनंतर तिथलंच वाल्डकिर्ख. गुरुवारी सकाळी राइनकाठचं रूडेसहाइम आणि जेवण झाल्यावर ब्रुखझालपर्यंतचा प्रवास. बुधवारी लांबचा पल्ला, मंगळवारी हॉलंडमधलं उट्रेख्त, आणि बंद सोमवार बेल्जियममधल्या अँटवर्पला. एकूण अंतर हजार-अकराशे किलोमीटरच्या आसपास जातं, म्हणजे आठवड्याच्या मानाने कमीच.

कमी अंतर मुद्दाम ठेवलंय. टूरवाल्यांच्या पत्रकात रोज तीन-तीन संग्रहालयांची नावं असतात आणि गिऱ्हाइकालाही ती भरगच्च यादी आवडते. पण दिवसाला दोन प्रात्यक्षिकांच्या पुढे जाऊ नये, एक झालं तर उत्तम. सतारीचा किंवा पियानोचा स्वर छेडल्यापासून विरत जातो, त्यामुळे कानाला मधे मधे उसंत मिळते. ऑर्गनच्या नळीत वारा जातोय तोवर तिचा आवाज कणभरही कमी होत नाही. त्यातून जत्रेसाठी बनवलेल्या ऑर्गनमध्ये वाऱ्याचा दाब चर्चमधल्या ऑर्गनच्या दुप्पट-तिप्पट असतो. उघड्या मैदानात, वाफेच्या इंजिनांच्या आणि माणसांच्या कल्लोळात तो ऐकू जायला हवा होता म्हणून. तेच वाद्य बंद दालनात पंधरा मिनिटं ऐकलं की पुढच्या नाजूक म्युझिक बॉक्समधलं निम्मं कानावर पडूनही कळत नाही. वरचा क्रम यासाठीही सोयीचा आहे: सगळ्यात दणदणीत वाद्यं पहिल्या दोन दिवसांत येतात आणि सगळ्यात हळू आवाजाचं शेवटच्या दुपारी.

माणसं किती न्यायची

मोठ्या बसमध्ये ४९ जागा असतात म्हणून ४९ माणसं गोळा करू नका. २८ ते ३० जणांचा गट करा आणि तिकिटं काढण्यापूर्वीच त्याचे दोन भाग पाडा. मार्गदर्शक एका वेळी वीस-पंचवीसपेक्षा जास्त माणसं खुशीने घेत नाही, आणि वीस माणसं वाद्यापुढे उभी राहिली की मागच्यांना फक्त पाठी दिसतात. दोन भाग पाडले तर एक गट आत असताना दुसरा चहाकॉफी उरकतो. त्यासाठी प्रत्येक ठिकाणी दीड तासाऐवजी पावणेतीन तास धरावे लागतात. वेळापत्रक कोलमडतं ते नेमकं इथे, रस्त्यावर नाही.

संग्रहालयाला पत्र लिहिताना 'गटासाठी मार्गदर्शित फेरी हवी' एवढंच लिहिलंत तर शाळेच्या मुलांना दाखवतात ती फेरी मिळते. नेमकं विचारा. कोणती वाद्यं वाजवून दाखवणार, प्रत्येकी किती मिनिटं? ऑर्गनची मागची बाजू उघडून दाखवता येईल का? माहिती इंग्रजीत मिळेल का? घडीच्या खुर्च्या आहेत का? दुरुस्तीला गेलेलं काही आहे का? शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. ही वाद्यं शंभर-दीडशे वर्षांची असतात आणि त्यांतलं एखादं नेहमीच कार्यशाळेत असतं. ज्या वाद्यासाठी लोक आलेत तेच बंद असेल तर ते तीन महिने आधी कळलेलं बरं.

माहिती मराठीत द्यायची असेल तर ती बसमध्ये, त्याच दिवशी सकाळी, वीस मिनिटांत द्या. ऑर्गन सुरू झाल्यावर कुणालाही काही सांगता येत नाही आणि सांगूही नये. आणि कृपा करून प्रवासात ऑर्गनच्या ध्वनिमुद्रिका लावू नका. उत्साही संयोजक हे हमखास करतात. बसमध्ये कानांना विश्रांती हवी असते.

ड्रायव्हरचे तास

युरोपीय संघाचे नियम इथे कडक आहेत आणि गाडी चालवल्याचे तास टॅकोग्राफ या बसमधल्या यंत्रावर नोंदले जातात, तेव्हा 'जरा पुढे घ्या ना दादा' चालत नाही. साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटं थांबायचं. दिवसाला नऊ तास चालवायची मुभा, आठवड्यातून दोनदा दहा. रोजची सलग विश्रांती एरवी अकरा तास, ती मोजक्याच दिवशी नऊपर्यंत कमी करता येते. आठवडी सुट्टी सहा दिवसांनंतर येते. एकाच आंतरराष्ट्रीय सहलीसाठी ती बारा दिवसांपर्यंत पुढे ढकलता येते, पण आधी आणि नंतर ठरावीक विश्रांती देण्याच्या अटीवर. रविवार ते रविवार सहल असेल तर बस कंपनीला हा प्रश्न लेखी विचारा. नाहीतर सातव्या दिवशी दुसरा ड्रायव्हर आणावा लागतो आणि त्याचं भाडं तुमच्या माथी येतं.

अकरा तासांची विश्रांती विसरली जाते ती संध्याकाळच्या कार्यक्रमांत. रात्री साडेदहाला ड्रायव्हर हॉटेलवर पोचला तर अकरा तास भरायला सकाळचे साडेनऊ वाजतात. अँटवर्पच्या रात्री याचा फटका बसू शकतो, म्हणून तिथे हॉटेल चालत जाण्याच्या अंतरावर घ्या आणि बस उभीच ठेवा.

बुधवारचा उट्रेख्त ते रूडेसहाइम हा पल्ला सुमारे पावणेचारशे किलोमीटरचा. नकाशा चार तास दाखवेल. बसला थांब्यांसकट साडेसहा धरा, कोलोनच्या वळणरस्त्यावर गर्दी लागली तर सात.

व्हिसाचा हिशेब रात्रींवर होतो. या आखणीत बेल्जियममध्ये दोन रात्री, हॉलंडमध्ये एक, जर्मनीत तीन, स्वित्झर्लंडमध्ये दोन. सर्वांत जास्त मुक्काम जर्मनीत, म्हणून मुंबईहून निघणाऱ्यांनी शेंगेन अर्ज जर्मनीकडे करायचा. प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपर्यंत तो देता येतो. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो आणि त्यात स्वित्झर्लंडचं नाव आहे ना, हे पाहून घ्या. एखादी रात्र इकडची तिकडे केलीत तर हा हिशेब पुन्हा मांडा.

धून साठवायच्या तीन तऱ्हा

सहलीत दिसणारं जवळजवळ प्रत्येक वाद्य तीनपैकी एका पद्धतीने 'वाचतं'. हे बसमध्येच समजावून दिलं तर पुढचा आठवडा सोपा जातो.

सगळ्यांत जुनी तऱ्हा लाकडी दंडगोलाची, म्हणजे बॅरलची. त्यावर पितळी खिळे आणि लांब स्वरांसाठी तारेचे आकडे ठोकलेले असतात. दंडगोल फिरताना ते पट्ट्या उचलतात आणि झडपा उघडतात. एक फेरी म्हणजे एक धून. धून बदलायची तर संपूर्ण दंडगोल किंचित बाजूला सरकवायचा, की खिळ्यांची पुढची ओळ पट्ट्यांखाली येते. साधारण आठ-दहा धुना बसतात. नवं गाणं हवं तर नवा दंडगोल, आणि तो बनवायला खिळे ठोकणारा कसबी माणूस हवा. चालू गाणी लवकर शिळी होतात, दंडगोल मात्र महाग. धंद्याच्या दृष्टीने ही मोठीच अडचण होती.

ती सोडवली पॅरिसच्या गाव्हिओली कंपनीने. मूळचं हे घराणं इटलीतल्या मोदेनाचं. आन्सेल्म गाव्हिओली यांनी १८९२ मध्ये छिद्रं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पुस्तकाचं पेटंट घेतलं. जाड पुठ्ठा, पंख्यासारखा घड्या घातलेला, कडक राहावा आणि दमट हवेत फुगू नये म्हणून त्यावर लाखेचा हात. वाद्यात तो एका बाजूने आत जातो आणि दुसऱ्या बाजूला पुन्हा घडी होऊन पडतो. तीन मिनिटांच्या धुनेला दहा-बारा मीटर पुठ्ठा लागतो. वाचायच्या चौकटीत स्प्रिंग लावलेल्या धातूच्या पट्ट्यांची रांग असते. छिद्र आलं की पट्टी त्यात वर उठते आणि तिच्या मागची झडप उघडते. काही वाद्यांत पट्ट्या नसतात, छिद्रातून जाणारी हवाच काम करते. 'पट्टीवालं की बिनपट्टीचं' हा प्रश्न मार्गदर्शकाला विचारलात, की तो तुमच्याशी वेगळ्या सुरात बोलायला लागतो.

तिसरी तऱ्हा कागदी रोलची. फ्रायबुर्गच्या वेल्टे कंपनीने १८८३ मध्ये तिचं पेटंट घेतलं. कागद छिद्रांच्या पितळी पट्टीवरून सरकतो आणि हवेच्या दाबातल्या फरकाने छोटे भाते हलतात. कागद स्वस्त, हलका, लांब. अख्खी सिम्फनी एका पेटीत ठेवता येते. त्याचं दुखणं दमटपणा. ओला कागद रुंदीला वाढतो, कडेची छिद्रं पट्टीवरच्या छिद्रांशी जुळत नाहीत आणि शेजारचा स्वर वाजू लागतो. शिवाय रोल संपला की तो उलटा गुंडाळावा लागतो. त्या एक-दोन मिनिटांत लोक पुढच्या दालनात निघून जातात. त्यांना थांबवा, कारण यंत्र उघडून दाखवायला मार्गदर्शकाला तीच फुरसत मिळते.

संगीत नाटकांमुळे मराठी कानाला ऑर्गन ओळखीचा आहे, पण तो पायपेटीचा ऑर्गन पत्तीवर, म्हणजे हवेने थरथरणाऱ्या धातूच्या पातळ पट्टीवर, बोलतो आणि त्यात हवा आत ओढली जाते. इथल्या वाद्यांत हवा बाहेर ढकलली जाते आणि बोलतात प्रामुख्याने नळ्या: लाकडी, क्वचित धातूच्या, काही शिट्टीसारख्या, काही पत्तीच्या. हा फरक पुढे सुराच्या संदर्भात लागणार आहे.

अँटवर्प

दोन महायुद्धांच्या दरम्यान बेल्जियममधल्या नाचघरांना वादकांचा ताफा परवडेना, आणि त्या जागी भिंतभर ऑर्गन आले. मॉर्टिए आणि देकाप ही ते बनवणारी अँटवर्पची दोन मोठी नावं. मॉर्टिएची वाद्यं १०१ पट्ट्यांपर्यंत जातात. पुढचा दर्शनी भाग रंगीत दिव्यांचा, त्यात अकॉर्डियन आणि ड्रम बसवलेले.

शहराच्या जुन्या भागात, व्लासमार्क्टवर, कॅफे बेव्हरेनमध्ये १९३० च्या दशकातला देकाप अजून वाजतो. नाणं टाकायचं आणि ऐकायचं. संग्रहालयात वाद्य जपलेलं असतं. इथे त्याच्यापुढे लोक बिअर पितात, गप्पा मारतात, नाचतात, म्हणजे ते ज्या कामासाठी बनलं तेच करतंय. जागा लहान आहे. तीस माणसं एकदम आत घुसवू नका, दहा-दहा जणांनी पाऊण तासाच्या अंतराने जावं, काहीतरी प्यायला मागवावं आणि सुटी नाणी जवळ ठेवावीत. कोणत्या दिवशी उघडं असतं ते आधी विचारा.

शाकाहारी जेवणाची चिंता या शहरात कमी. हिऱ्यांच्या व्यापारामुळे गुजराती जैन मंडळी इथे मोठ्या संख्येने स्थायिक आहेत आणि शाकाहारी थाळी मिळते. पुढच्या गावांत इतकं सोपं नाही, विशेषतः राइनच्या काठी.

उट्रेख्त

अँटवर्पहून सुमारे १३५ किलोमीटर. वाटेत ब्रेडा लागतं. तिथे उतरून पाहण्यासारखं या विषयातलं फार नाही, पण बसमध्ये सांगावं असं आहे. जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमधून आलेल्या कार्ल फ्राय यांनी १९२० च्या सुमारास तिथे कार्यशाळा काढली आणि डच रस्त्यांवरच्या ऑर्गनला आजचा आवाज दिला. दोन नळ्या एकाच स्वराच्या, पण एक किंचित वर लावलेली, त्यामुळे स्वरात मंद लहर येते. डच पद्धतीचा ऑर्गन तिच्यावरून लगेच ओळखू येतो. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्राय परत जर्मनीत, वाल्डकिर्खला गेले. शुक्रवारी आपण तिथेच पोचतो.

म्युझियम स्पेलक्लोक हे शहराच्या मध्यभागी, ब्यूरकेर्क या मध्ययुगीन चर्चमध्ये १९८४ पासून आहे. बस तिथवर जात नाही. स्टेशनच्या बाजूला उतरून दहा-पंधरा मिनिटं दगडी फरसबंदीवरून चालावं लागतं. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना हे आधी सांगा.

इथे मार्गदर्शकाबरोबरच फिरा. एकटं फिरलं तर मोठी वाद्यं गप्पच राहतात. घड्याळातल्या छोट्या ऑर्गनपासून नाचघरातल्या भिंतभर ऑर्गनपर्यंत सगळं एका छताखाली आहे. टॉवरमधल्या घंटा वाजवणारा प्रचंड धातूचा ढोलही पाहा. त्यात खिळे स्क्रूने बसवलेले असतात आणि धून बदलायला ते काढून दुसरीकडे लावतात. मुंबईच्या राजाबाई टॉवरमध्येही घंटांवर एकेकाळी सोळा धुना वाजत, दिवसातून चारदा बदलत.

मुख्य आकर्षण मात्र हुप्फेल्डची फोनोलिस्ट-व्हायोलिना, लाइपझिगची, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली. खाली स्वयंचलित पियानो, वर कपाटात तीन खऱ्या व्हायोलिनी उभ्या टांगलेल्या, त्यांच्याभोवती घोड्याच्या केसांचा गोल गज फिरत असतो. प्रत्येक व्हायोलिनची एकच तार वाजते. वाजायची वेळ आली की ती व्हायोलिन पुढे झुकते आणि तार गजाला टेकते. आवाज लहानमोठा होतो तो गज हळू-जोरात फिरल्याने. हे ऑर्गन नव्हे, पण सोडू नका. दालन गरम झालं की तारा उतरतात, म्हणून व्हायोलिनाचं प्रात्यक्षिक सकाळच्या पहिल्या फेरीत मागा.

रस्त्यावरचा ऑर्गन दिसला तर नाणी हाताशी ठेवा. एक माणूस मोठं चाक फिरवतो, दुसरा पितळी डबा तालात खुळखुळवत फिरतो. डब्यात नाणं न टाकता मोबाइलवर चित्रण करत उभं राहणं वाईट दिसतं.

रूडेसहाइम आणि ब्रुखझाल

रूडेसहाइमला बस नदीकाठी थांबते आणि ड्रोसेलगासे या १४४ मीटर लांबीच्या गल्लीतून वर चढायचं. सकाळी दहाच्या आत चढा, नंतर गल्लीत पाऊल ठेवायला जागा नसते. वरच्या टोकाला ब्रोम्झरहोफ या जुन्या वाड्यात झीगफ्रीड व्हेंडेल यांनी १९६९ मध्ये सुरू केलेला यांत्रिक वाद्यांचा संग्रह आहे, सुमारे साडेतीनशे वाद्यांचा. खोल्या अरुंद, फेरी पाऊण तासाची आणि वेगवान. मागच्या पिशव्या बसमध्येच ठेवायला सांगा. हिवाळ्यात संग्रह बंद असतो, म्हणून ही सहल मे ते ऑक्टोबरमध्येच बसवा. घाई वगळली तर मजा येते, पण खोलात जायला ही जागा नाही.

खोलात जायचं ते ब्रुखझालच्या राजवाड्यात. मार्च १९४५ च्या बाँबहल्ल्यात हा राजवाडा जळाला, नंतर पुन्हा उभारला गेला, आणि १९८४ पासून इथे जर्मन स्वयंचलित वाद्यांचं संग्रहालय आहे. सुमारे पाचशे वाद्यं. बस दारापर्यंत येते, लिफ्ट आहे, दालनं मोठी. सगळ्या सहलीत व्यवस्थेच्या दृष्टीने सर्वांत सोपं ठिकाण. इथे पूर्ण सकाळ द्या. ऑर्केस्ट्रियन, म्हणजे पियानो, नळ्या, ढोल, घंटा असं सगळं एका कपाटात भरलेली वाद्यं, इथे क्रमाने ऐकायला मिळतात. मधल्या सुट्टीत वास्तुकार बाल्थाझार नॉयमान यांचा जिना पाहून घ्या.

सुराची गंमत या दालनांत कळते. हवा तापली की शिट्टीसारख्या नळ्यांचा स्वर चढतो: दर अंश सेल्सिअसला अर्धस्वराच्या शंभरातले सुमारे तीन भाग. पत्तीच्या नळ्यांचा जवळजवळ तिथेच राहतो, कारण त्यांचा स्वर ठरवते पत्ती. दालन सकाळी १६ अंशांवर असेल आणि दुपारी माणसांच्या गर्दीने २४ वर गेलं, तर दोन्ही प्रकारच्या नळ्यांत पाव अर्धस्वराचा फरक पडतो आणि तो कुणालाही खटकतो. वाद्य 'बेसूर' आहे असं लगेच म्हणू नका, थर्मामीटर बघा.

दुसरा दोष ऐकू येईल तो अडकलेल्या स्वराचा. धून पुढे जाते पण एक नळी वाजतच राहते. कारणं तीनच: झडपेखाली कचरा किंवा पुठ्ठ्याचा तुकडा, ओलाव्याने फुगलेलं लाकूड, किंवा कडक झालेलं कातडं. उलट एखादा स्वर मुका असेल तर बहुधा छोट्या भात्याचं कातडं चिरलेलं असतं. पावसात भिजलेले तीस रेनकोट दालनात नेल्याने दुसऱ्या कारणाला हातभारच लागतो. ते बाहेर टांगा.

वाल्डकिर्ख

फ्रायबुर्गच्या ईशान्येला, एल्ट्स नदीच्या खोऱ्यातलं छोटं गाव. ऑर्गन बनवणारे इग्नाझ ब्लासियस ब्रूडर १८३४ मध्ये इथे आले आणि त्यांच्या मुला-नातवंडांनी ऑर्गनचे कारखाने काढले. पुढे रूट, वेबर, आणि पॅरिसच्या गाव्हिओली व लिमोनेर कंपन्यांच्या शाखाही इथे आल्या. जगभरच्या जत्रांतले ऑर्गन या एका गावातून जात. एल्ट्सटाल संग्रहालय जुन्या मठाच्या इमारतीत आहे. त्याच्या रोजच्या वेळा मर्यादित असतात, पण गटासाठी वेळ ठरवून देतात.

मला विचाराल तर इथे संग्रहालयापेक्षा कार्यशाळा महत्त्वाची. गावात आजही ऑर्गन बांधले आणि दुरुस्त केले जातात. तीस माणसांना तिथे एकदम घेता येत नाही. बारा-पंधरा जणांची तुकडी, दोन महिने आधी पत्र, आणि ठरलेल्या वेळेला पाच मिनिटं आधी हजर. लाकडी नळीचा ओठ कसा तासतात, भात्याला मेंढीचं कातडं कसं लावतात, पुठ्ठ्यावर छिद्रं कशी पाडतात, हे तासाभरात डोळ्यांपुढे होतं. सरस पुन्हा ऊब देऊन सोडवता येईल असा प्राण्यांचाच का वापरतात, हेही विचारा. पन्नास वर्षांनी दुसऱ्या कुणाला ते कातडं काढावं लागणार असतं, त्याची सोय आत्ताच केलेली असते.

दर तीन वर्षांनी जूनमध्ये गावात ऑर्गनचा उत्सव भरतो. त्या दिवसांत यायचं तर हॉटेल वर्षभर आधी घ्या. पण त्यासाठीच पहिली भेट ठेवू नका: चौकाचौकात एकाच वेळी वाजणारे ऑर्गन ऐकून आनंद होतो, समजत काही नाही.

हँडल फिरवायला मिळालं तर दोन गोष्टी सगळ्यांना आधी सांगून ठेवा. रस्त्यावरच्या बहुतेक ऑर्गनमध्ये एकाच चाकावर भाताही चालतो आणि पुस्तकही सरकतं. हात हळू झाला की लयही पडते. वाऱ्याचा दाब साठवणीचा भाता सांभाळतो, लय मात्र तुमच्या हातात. खांद्यातून, एकसारखं फिरवा. मनगटाने फिरवलं तर अर्ध्या धुनेतच हात भरून येतो. आणि हँडल कधीही उलटं फिरवू नका. पट्ट्या छिद्रांत अडकतात, पुठ्ठा फाटतो, पट्टीही वाकते.

झेवेन

वाल्डकिर्खहून बाझेल ओलांडून सुमारे १०५ किलोमीटर. जर्मनी-स्वित्झर्लंड सीमेवर पासपोर्ट क्वचित पाहतात, पण कस्टम्स आहे आणि बसचा अवजड वाहनांचा कर भरावा लागतो. तो बस कंपनीने भरायचा की तुम्ही, हे करारात असू द्या.

हाइनरिख वाइस यांनी १९७९ मध्ये उघडलेला हा संग्रह त्यांनी १९९० मध्ये स्विस सरकारला दिला. डोंगरातल्या या छोट्या गावात लोक येतात ते वेल्टेच्या फिलहार्मोनिक ऑर्गनसाठी. टायटॅनिकच्या धाकट्या बहिणीसाठी, ब्रिटानिक जहाजासाठी, तो बनला होता. पहिलं महायुद्ध सुरू झालं, जहाजाचं इस्पितळ झालं आणि नोव्हेंबर १९१६ मध्ये ते ग्रीसजवळ बुडालं. ऑर्गन जमिनीवरच राहिला. स्टुटगार्टच्या एका उद्योगपतीचं घर, मग व्हिप्परफ्यूर्टमधल्या दिव्यांच्या कारखान्याचं सभागृह, असं फिरत तो वाइस यांच्याकडे आला. २००७ मध्ये दुरुस्तीसाठी सुटा केला तेव्हा भागांवर जहाजाचं नाव सापडलं.

संग्रहात या ऑर्गनचे हजाराहून जास्त रोल आहेत, आणि त्यांत त्या काळच्या नामवंत ऑर्गनवादकांनी स्वतः वाजवलेले रोलही. दोन वेगळ्या वादकांचे दोन छोटे रोल मागून घ्या. अर्ध्या तासाच्या एका लांब रोलपेक्षा यंत्र काय पकडू शकतं हे त्यातून जास्त कळतं. मधल्या ओळीत बसा. पुढे बसलात तर मोटरची घरघर ऐकू येते.

नूशातेल, आणि खरेदी

जाके-द्रो यांच्या बाहुल्या १७६८ ते १७७४ दरम्यानच्या: लिहिणारा, चित्र काढणारा आणि वाजवणारी. वाजवणारीत सुमारे अडीच हजार भाग. आवाज आत लपवलेल्या पेटीतून येत नाही. तिची बोटं खरोखर छोट्या ऑर्गनच्या पट्ट्या दाबतात, नजर हाताबरोबर फिरते, छाती श्वासाने वरखाली होते. खोली लहान, आवाज हळू. अर्धा तास आधी रांग लावा आणि बोटं दिसतील अशी बाजूची जागा धरा.

ध्वनिमुद्रण करायचं तर इथे मोबाइल ठीक चालतो. मोठ्या ऑर्गनपुढे मात्र मोबाइल आवाज आपोआप दाबतो आणि मुद्रण फाटतं. चार-पाच मीटर मागे सरका, वाद्याच्या कडेला उभे राहा, मुद्रणाची पातळी हाताने कमी करता येत असेल तर करा. फ्लॅश नको. फोमचे कानातले बोळे प्रत्येकाला पहिल्याच दिवशी वाटा. श्रवणयंत्र लावणाऱ्यांनी अँटवर्प-उट्रेख्तला ते बंद ठेवलेलं बरं.

लंडनमार्गे परतणाऱ्यांनी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये टिपूचा वाघ पाहावा. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणहून नेलेल्या या १७८ सेंटिमीटर लांब लाकडी वाघाच्या पोटात भाते आणि अठरा स्वरांचा ऑर्गन आहे. हँडलने गुरगुर आणि माणसाचा आक्रोश निघतो, धून मात्र बोटांनी वाजवावी लागते. तो रोज वाजत नाही.

संग्रहालयांच्या दुकानांत लोकांचा हात सुटतो. जुन्या वाद्याच्या पट्ट्यांवर हस्तिदंत असेल तर ते भारतात आणायच्या फंदात पडू नका. हातात धरायचे नवे छोटे ऑर्गन २०, २६ किंवा ३१ स्वरांचे येतात आणि एकाचा रोल दुसऱ्याला चालत नाही. घरी वाद्य असेल तर स्वरसंख्येबरोबर स्केलचं, म्हणजे छिद्रांच्या मांडणीचं, नाव आणि कागदाची रुंदीही लिहून न्या; २० स्वरांतही एकापेक्षा जास्त मांडण्या आहेत. रोल केबिन बॅगेत, डब्यासकट, सिलिका जेलची पुडी टाकून आणा. मुंबईच्या पावसाळ्यात उतरणार असाल तर डबा दोन दिवस उघडू नका.